राहणीच्या सवयी

सोसायटीच्या लेटरहेडवर आलेल्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. मागच्या वर्षी दिवाळीनंतर ते आलं. वॉचमनने दाराखालून आत सरकवलं, मीराने उचललं, चष्मा शोधला आणि मोठ्याने वाचलं. माझी बायको सगळंच मोठ्याने वाचते, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा.

"आपल्या तक्रारीनुसार समितीने आपल्या सदनिकेतील आतल्या खोलीच्या भिंतीची पाहणी केली. विशेष काही आढळले नाही. वरून गळती होत असल्याचे दिसत नाही. भिंतीची ओल आपल्या राहणीच्या सवयींमुळे येत असावी. घरात हवा खेळती ठेवावी व स्वच्छता पाळावी. आपले उत्तर न आल्यास हा विषय संपला असे समजण्यात येईल."

खाली सेक्रेटरीची, म्हणजे सुदेशची, सही होती. सुदेश आमच्या अगदी वरच्या घरात राहतो. आमच्या त्या भिंतीच्या डोक्यावर त्याचं बाथरूम आहे.

"स्वच्छता पाळावी," मीरा पुन्हा म्हणाली, या वेळी हळू. मग कागद माझ्या हातात दिला. "याला उत्तर द्या."

"देतो," मी म्हणालो.

दिलं नाही. मी कल्याणच्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. आयुष्यभर पुस्तकं दिली, घेतली, 'शांतता राखा' अशी पाटी डोक्यावर घेऊन बसलो. कुणाशी भांडायचं असलं की भांडण मी मनात लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, आणि मग समोरच्याचंच बरोबर असेल असं वाटायला लागतं. शिवाय डोंबिवलीच्या या बिल्डिंगमध्ये बौद्धांचं घर आमचं एकच. माझे वडील सांगायचे, "कुंडलिक, आपण आवाज चढवला की लोक मुद्दा ऐकत नाहीत, आवाजच ऐकतात." मी मुद्दाही मांडला नाही आणि आवाजही चढवला नाही.

'विशेष काही आढळले नाही' हे मात्र एका अर्थी खरं होतं. कमिटीची माणसं पाहणीला येणार म्हटल्यावर मीराने आदल्या दिवशी ती भिंत घासली होती. काळी बुरशी ब्लीचने पुसली, पोपडे खरवडून काढले, वर चुना मारला. "लोक घरात येणार, अशी भिंत बघून काय म्हणतील?" मीही बादली धरली. ज्या घाणीची तक्रार केली, ती दाखवायची वेळ आली तेव्हा आम्हीच ती धुऊन काढली. कमिटीतले तिघे आले, पांढऱ्या भिंतीकडे बघून माना हलवल्या आणि गेले. आठवड्याभरात भिंत पुन्हा काळी झाली.

याहून संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. आम्ही त्या पत्राचं ऐकलं. खरंच ऐकलं. हवा खेळती ठेवा म्हणाले, म्हणून पावसाळाभर खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. कपडे घरात वाळत घालणं बंद केलं. मीरा सकाळ-संध्याकाळ फरशी पुसायची. मी रात्री अंथरुणावर पडून विचार करायचो, खरंच आपल्याच काही सवयी असतील का? आपण अंघोळीला जास्त गरम पाणी घेतो का? मी काही वाईट माणूस नाही, पण असा विचार करणाऱ्या माणसाला कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती.

भिंत वाळली नाही. त्या भिंतीवरची बुद्धाची तसबीर मागून फुगली, तेव्हा उतरवून हॉलमध्ये आणली. माझं पुस्तकांचं कपाट सरकवलं, पण तोवर खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं विटांसारखी चिकटली होती. आणि मीराला खोकला लागला. ती निवृत्त नर्स आहे, आपल्या खोकल्याचं नाव तिला माहीत होतं. डॉक्टरांनी तेच नाव सांगितलं आणि म्हणाले, "ओल काढा, नाहीतर घर बदला."

आमचा मुलगा महेंद्र ठाण्याला कोलशेतच्या एका टॉवरमध्ये राहतो. सान्वी त्याची मुलगी. तो म्हणाला, "मम्मी, चल ना आमच्याकडे. रूम आहे, लिफ्ट आहे, सान्वी आहे."

"सान्वीला इकडे पाठव," मीरा म्हणाली. "हे घर माझ्या नाईट ड्यूट्यांचं आहे. यातून मला न्यायचं तर उचलून न्यावं लागेल."

"उचलून नेण्याचीच पाळी येईल एक दिवस."

यावर ती हसली आणि हसताहसता खोकली. तो खोकला थांबेपर्यंत आम्ही दोघं जमिनीकडे बघत बसलो.

तर डिसेंबरातल्या एका रविवारी महेंद्र टेम्पोतून प्लायवूडच्या दोन मोठ्या शीट आणि एक मशीन घेऊन आला. त्याने आपल्या हॉलची एक भिंत व्हिडिओ बघून अशीच केली होती. पांढऱ्या रंगाच्या आडव्या फळ्या, एकीवर एक रचल्यासारख्या. खरं तर फळ्या नाहीतच. एकच सपाट प्लायवूड, त्यावर मशीनने सारख्या अंतरावर खाचा मारायच्या, रंग द्यायचा, की लांबून फळ्या वाटतात.

"शिपलॅप म्हणतात याला, पप्पा. जहाजाच्या फळ्यांसारखं. आतल्या भिंतीला लावून टाकू. व्हिडिओ कॉलवर सान्वी सारखी विचारते, आजी, तुझ्या मागे काळं काय आहे?"

"आणि ओल?"

"झाकली जाईल ना. वासही कमी येईल. त्या सुदेशशी कोण डोकं लावणार? पैशाने, वेळेने, कशानेच परवडत नाही. हे करून बघू. मार्चपर्यंत मम्मीचा खोकला गेला नाही, तर मग मी काही ऐकणार नाही. दोघांनी कोलशेतला यायचं."

मी शब्दकोश काढून बघितला. जहाजाच्या फळ्यांच्या कडा एकमेकींवर चढवतात त्या पाणी बाहेर राहावं म्हणून. आम्ही खोट्या फळ्या लावून पाणी आत ठेवणार होतो. ओल्या भिंतीवर प्लायवूड लावलं की ते फुगतं आणि मागे बुरशी आणखी माजते, हेही मी वाचलेलं होतं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं. पण मुलगा इंजिनियर, मी पुस्तकातलं वाचणारा. मी म्हणालो, "बघ बाबा, तुला जास्त कळतं."

"तुम्हाला काय वाटतं ते बोला की कधीतरी," मीरा स्वयंपाकघरातून म्हणाली.

सकाळी महेंद्रने भिंतीवर आधाराच्या लाकडी पट्ट्या ठोकण्यासाठी ड्रिलने भोकं पाडली. पहिल्या भोकातून विटेची कोरडी भुकटी यायला हवी होती. आला लाल चिखल. तो ओघळ भिंतीवरून खाली उतरला. महेंद्रने तो फडक्याने पुसला आणि म्हणाला, "जरा वर घेऊ."

जेवणं झाल्यावर हॉलमध्ये चार स्टुलांवर प्लायवूड आडवं ठेवलं. पेन्सिलीने रेघा मारल्या. रेघेला लागून एक सरळ पट्टी दोन शिकंज्यांनी आवळली, म्हणजे मशीन तिला घासत सरळ जातं. राउटर म्हणजे एक जाडसर मोटर, खाली गरगर फिरणारं बोटाएवढं पातं. दाताच्या डॉक्टरकडे जो आवाज येतो, तोच आवाज, पण खोलीभर. महेंद्रने चार खाचा मारल्या. पिवळा भुसा उडून सगळ्या हॉलवर बसला, तसबिरीवरसुद्धा. मीराने तसबीर उचलून आत नेली आणि नाकावर पदर घेतला.

"पप्पा, तुम्ही घ्या. एकदा करून बघा, मजा येते."

"माझ्याकडून बिघडेल."

"बिघडू दे. मशीन दाबायचं नाही, फक्त धरायचं. ते आपोआप जातं."

मी धरलं. हातातून दंडापर्यंत मुंग्या आल्या. पहिली खाच करपली, कारण मी एका जागी थबकलो. दुसरी बरी आली. तिसरीला माझ्या लक्षात आलं की या आवाजात मला माझा स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत नाही. म्हणजे मी बोललो तर कुणालाच ऐकू येणार नाही. महेंद्रने कानात कापसाचे बोळे घातले होते.

मी बोलायला लागलो. आधी पुटपुटलो. मग पट्टीच्या कडेने मशीन पुढे सरकलं तसा मीही सरकलो आणि आवाज वाढवला. "आढळले नाही म्हणे! डोळे होते का तुमचे? सवयी! कसल्या सवयी? पहाटे उठून फरशी पुसणारी बाई ती, तिला तू स्वच्छता शिकवतोस? माझी पुस्तकं सडवलीस. बायकोची छाती सडवलीस. आणि मी खिडक्या उघड्या ठेवतो, गाढवासारखा!" वर्षभर जे खोडत आलो होतो ते सगळं तोंडातून बाहेर पडत होतं. माझा चेहरा भुशाने माखला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला फार बरं वाटत होतं. मी ओरडायला लागलो.

महेंद्रने अचानक प्लगचं बटण बंद केलं. मशीन गप्प झालं. माझं वाक्य चालूच होतं.

"...घाण तुझी, आणि स्वच्छता मी पाळू?"

एवढंच वाक्य त्या शांततेत, सगळ्या हॉलमध्ये, उघड्या दारातून जिन्यात गेलं. दारात सुदेश उभा होता. हाफ पँट, हातात मोबाइल.

"काका, कोणाशी बोलताय?"

मी पट्टीवरचा भुसा झटकायला लागलो. पुन्हा मी होतो तोच झालो. महेंद्र पुढे झाला. "सॉरी दादा. आवाज होतोय ना? दहा मिनिटांत आवरतो."

"दुपारी मशीन चालवायचं नाही, रूल आहे. तुला माहीत नसेल म्हणा, तू आता टॉवरवाला झालास." सुदेश हसला. मग त्याची नजर प्लायवूडवर गेली. "अरे, शिपलॅप? मस्तच! रीलमध्ये बघितलेलं मी. कुठे लावताय?"

"आतल्या भिंतीला."

"बेस्ट! हेच मी सांगत होतो. झाकून टाका. उगाच पत्रं, पाहण्या, लोकांना त्रास. घर छान ठेवलं की सगळे प्रश्न मिटतात."

मीरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "सुदेश, चहा टाकू? आमच्या सवयींचा चालेल ना?"

"नको काकू, आत्ताच झाला."

"तुझा नेहमी आत्ताच झालेला असतो रे. इतकी वर्षं बघते. एकदा तरी आमच्याकडे यायच्या आधी नको पिऊस."

सुदेशने मोबाइलकडे बघितलं. मी राउटर खाली ठेवला.

"सुदेशराव, आत या," मी म्हणालो.

"कशाला काका?"

"या."

तो आला. आतल्या खोलीत सकाळच्या भोकांखाली चिखलाचा नवा ओघळ उतरला होता, महेंद्रने पुसला होता त्याच जागी. बाजूचा रंग फुगून त्याला फोड आल्यासारखे दिसत होते.

"डिसेंबर आहे," मी म्हणालो. "पाऊस कधीच संपला. हे पाणी कुठलं?"

"ते बघायला लागेल काका. एक्सपर्ट लागतो."

"हात लावून बघा."

"नको."

"हात लावा भिंतीला. आमची सवय आहे की तुमचं पाणी, हाताला कळेल."

"नको काका, हात खराब होतील." आणि त्याने हात मागे घेतला. खिशात घातला.

ती हालचाल मी ओळखतो. माझे वडीलही ओळखत होते. कदाचित त्याच्या मनात तसं काही नसेल. भिंत खरोखरच घाणेरडी होती. पण त्या क्षणी मला त्याच्या मनात काय असेल याचा विचार करायचा नव्हता. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मनांत काय असेल याचाच विचार केला.

"मी तक्रार लेखी दिली होती," मी म्हणालो.

"आम्ही त्याचं लेखी उत्तर दिलं. त्यावर तुम्ही काहीच कळवलं नाहीत. मीटिंगच्या नोंदीत आहे, विषय संपला." तो दाराकडे वळला. जाताजाता म्हणाला, "आणि आता तर तुम्ही स्वतःच झाकताय. मग कमिटीने काय बघायचं?"

हे बोलून तो जिना चढून गेला. वर त्याचं दार लागलं. थोड्या वेळाने आमच्या डोक्यावर नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

महेंद्रने कापसाचे बोळे खिशात घातले. "जाऊ दे पप्पा. तुमचं बीपी वाढेल. संध्याकाळपर्यंत एक शीट तरी लागेल. मग रंग..."

"लावायचं नाही."

"काय?"

"लावायचं नाही ते. मीराने भिंत घासली, तेव्हा मी बादली धरली. आता तू झाकतोयस आणि मी मशीन धरतोय. आपणच त्याचा पुरावा पुसतोय. दर वेळी आपणच."

"अर्धं काम झालंय! आख्खा रविवार घालवलाय मी, प्लाय आणलं, मशीन आणलं..."

"लावायचं नाही म्हटलं ना!"

मशीन बंद होतं. घरातल्या सगळ्यांनी ते ऐकलं. माझ्या मुलाने माझा असा आवाज बहुतेक पहिल्यांदाच ऐकला असावा. तोही भडकला. "मग वर्षभर काय केलंत? एक पत्र लिहायचं होतं! आख्खं आयुष्य पुस्तकांत गेलं तुमचं, आणि एक पत्र लिहिता आलं नाही? मम्मी इकडे खोकून मरतेय. मीच जातो वर आणि बघतो त्याला."

"तू जायचं नाहीस. पत्र माझ्या नावाने आलंय."

"मग लिहा!"

"लिहितो!"

"भांडा, भांडा," मीरा म्हणाली. "वरच्याला ऐकू जाऊ दे जरा. इतक्या वर्षांत या घरातून आवाज असा कधी गेलाच नाही." तिला खोकल्याची उबळ आली. महेंद्रने तिला पाणी आणून दिलं. मी कागद शोधायला गेलो.

टेबलावर भुसा होता, म्हणून मी स्टुलांवरच्या त्याच प्लायवूडवर कागद ठेवून बसलो. खाच आली की पेन आत बुडायचं आणि कागदाला भोक पडायचं. शेवटी सडलेल्या पुस्तकांतलं एक आणलं आणि त्यावर लिहिलं. पहिला मसुदा मी मीराच्या हातात दिला. तिने चष्मा लावला.

"'आपल्या बहुमोल वेळेतून', हे कशाला? त्याचा वेळ मोलाचा आणि माझी छाती फुकटची?" तिने खोडलं. "'नम्र विनंती की', हे किती वेळा? 'गैरसमज झाला असल्यास क्षमस्व'! अहो, गैरसमज कुणाचा झालाय? क्षमा कसली?"

"पद्धत असते लिहिण्याची."

"याच पद्धतीने एक वर्ष गेलं."

दुसऱ्या मसुद्यात माझे शब्द कमी झाले. तिसऱ्यात ते उभे राहिले. महेंद्रने तोवर भिंतीचे फोटो काढले, लाल चिखलाचे, ओघळाचे, फुगलेल्या रंगाचे. भोकं बुजवली नाहीत. शेवटचा मजकूर असा झाला:

"आपल्या पत्रात आमच्या राहणीच्या सवयींचा उल्लेख आहे. त्या सवयी कोणत्या, हे एकेका सवयीचे नाव घेऊन लेखी कळवावे. आमच्या भिंतीतून डिसेंबर महिन्यात पाणी येत आहे. फोटो सोबत जोडले आहेत. ही भिंत आपल्या बाथरूमखाली आहे. बाथरूमची दुरुस्ती सुरू झाली नाही, तर आम्ही महापालिकेकडे व सहकार खात्याकडे तक्रार करू. माझ्या पत्नीला दम्याचा त्रास झाला आहे, डॉक्टरांचा कागद सोबत आहे. आम्ही हे घर सोडणार नाही. विषय संपलेला नाही."

शेवटची दोन वाक्यं मीराची आहेत. मी नुसती लिहिली.

महेंद्र रात्री कोलशेतला परत गेला. राउटर घेऊन गेला, शीट ठेवून गेला. दोन्ही हॉलमध्ये भिंतीला टेकून उभ्या आहेत, माझी करपलेली खाच पुढच्या बाजूला. जाताना तो म्हणाला, "मार्चचं मी विसरलेलो नाही हां, मम्मी." ती म्हणाली, "मार्चमध्ये रंग द्यायला ये. वाळलेल्या भिंतीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र घेऊन वर गेलो. बेल वाजवली. सुदेशने जाळीचं दार न उघडताच पाकिटाकडे बघितलं.

"असं हातात घेता येत नाही काका. पोच द्यावी लागते, ऑफिस रविवारी उघडतं. पोस्टाने पाठवा."

मी मान हलवली आणि खाली आलो. जिन्यात माझ्या मनात नेहमीचं सुरू झालं: तो म्हणतो तेही बरोबरच असेल, नियम असेल, रविवारपर्यंत थांबावं का? दारात मीरा शाल गुंडाळून, पायात चपला घालून उभी होती.

"घेतलं नाही ना? मला माहीत होतं. चला."

"तू कशाला? बाहेर गार आहे."

"तुम्ही एकटे गेलात तर वाटेत खोडाखोड कराल."

पोस्टात रांग होती. काउंटरवरच्या मुलीने पाकीट उलटसुलट केलं, दोन्ही पत्ते वाचले आणि वर बघितलं.

"काका, पाठवणारा आणि घेणारा एकाच बिल्डिंगमधले?"

"हो."

"एकच जिना चढायचा ना मग. हातात द्या की, स्पीड पोस्ट कशाला?"

"हातात घेत नाहीत," मी म्हणालो. माझा आवाज रांगेच्या शेवटपर्यंत गेला असावा, कारण दोघातिघांनी मागून वाकून बघितलं. मी तो खाली आणला नाही. "पोच हवी आहे. सहीनिशी."

मुलीने पाकीट वजनावर ठेवलं, बारकोड चिकटवला, त्यावर शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकलं. मीराने पावती माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागली.